कापसाचं चित्र काढलेला हत्ती

शारदाक्कांनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. बंगळुरूत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठला तू?" मी म्हटलं, "करमाळा." झालं. त्या दिवसापासून मी करमाळा. "करमाळा, जेवलास का?" "करमाळा, पाण्याची मोटर बंद कर की." "करमाळा, तुझा तो मित्र आलेला, कोण तो, लातूर."

दूधवाला होसकोटे, इस्त्रीवाला सेलम. आणि खालच्याच मजल्यावर राहणारे त्यांचे सख्खे थोरले भाऊ श्रीपादण्णा, ते 'लोकल'.

याला कारण होतं. अक्कांची सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेली. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा कारखाना, देशभर त्याचे डेपो, आणि मधे कानाला हेडफोन लावून बसलेल्या अक्का. "लुधियाना, बोला. कानपूर, लाईनवर राहा. राजकोट, तुमचा आवाज फाटतोय." माणसांची नावं बदलायची, गावं तीच राहायची, म्हणून त्यांनी गावंच धरून ठेवली. निवृत्त झाल्यावर बोर्ड सुटला, सवय सुटली नाही.

मला नकला करायचा नाद आहे. करमाळ्यात शाळेत हेडसरांची नक्कल करून मी हेडसरांचाच मार खाल्लाय. तर अक्कांकडे दोन आवाज होते. घरातला आवाज म्हणजे खलबत्त्यात मिरची कुटल्यासारखा. आणि फोनवरचा म्हणजे गुलकंद. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या घसा साफ करून गुलकंदात म्हणायच्या, "लाईनवर राहा." की समोरच्याने गप्प बसायचं. भाजीवाला असो, स्वामीजी असोत.

एकदा मी त्यांच्यासमोरच ही नक्कल करून दाखवली. शांतपणे ऐकली, आणि म्हणाल्या, "'राहा'च्या नंतर स्वल्प थांबायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे, ही गेली वाटतं. मग परत यायचं. कर पुन्हा." माझ्याकडून चारदा करून घेतली.

त्यांच्या घराण्याचा त्यांना फार अभिमान. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी म्हणे यांचे पूर्वज महाराष्ट्रातून फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आले. श्रीपादण्णा हे सांगताना मिशीला हात लावायचे, जणू घोडा बाहेर बांधलाय. अक्का लगेच म्हणायच्या, "आलो की. घोड्यावरून उतरलो आणि बसलो. त्यानंतर कुणी हललंच नाही. हा अण्णा बघ, म्हैसूरला जायचं म्हटलं तरी मफलर शोधतो."

"स्वस्थ बसायला अक्कल लागते, शारदा," अण्णा म्हणायचे.

"तुझ्याकडे मग फारच आहे."

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा आहे. मी बंगळुरूत उतरलो त्या दिवशी कन्नडचा गंध नव्हता. बस आली, कंडक्टर दारातून ओरडायला लागला, "हत्ति, हत्ति, बेगा हत्ति!" मी बॅग छातीशी धरून भिंतीला चिकटलो आणि रस्त्यावर हत्ती शोधायला लागलो. बस निघून गेली. नंतर कळलं, कन्नडमध्ये 'हत्ति' म्हणजे चढा, 'बेगा' म्हणजे लवकर. हत्तीला ते 'आने' म्हणतात. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी, आणि पुढे आठवडाभर मला जिन्यावर बघितलं की म्हणायच्या, "करमाळा, हत्ति!"

मग एके दिवशी अक्का म्हणाल्या, "लाईनवर राहा." मी जिन्यात, अण्णा पेपर वाचत, दारात दूधवाला. आम्ही राहिलो. "मी ट्रक घेतेय."

अण्णांनी पेपर खाली केला. "कसला ट्रक? सिमेंटचा?"

"राहायचा. आत बिछाना, गॅस, पाण्याची टाकी. चारी चाकांना जोर. चिखल, वाळू, डोंगर, कुठेही जातो. सेकंडहँड आहे, आनेकलला."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी बघितलं दूधवाल्याकडे, दूधवाल्याने दुधाकडे.

पुढच्या रविवारी आम्ही आनेकलला गेलो. अण्णा साक्षीदार म्हणून आले, म्हणजे गाडी वाईट आहे हे बघायला. कारखान्यांच्या मागे एका शेडमध्ये ती उभी होती. लष्करी ट्रकसारखं तोंड, माझ्या छातीपर्यंत येणारी चाकं, आणि पाठीवर खिडक्या असलेलं मातकट रंगाचं घर. आत जायला लोखंडी शिडी. एका आयटीतल्या जोडप्याने ती हौसेने बांधून घेतलेली, जग फिरायचं म्हणून. एकदा गोकर्णला जाऊन आले, मग जुळी झाली, आणि जग राहिलं.

नवरा इंजिनाबद्दल भरभरून बोलत होता. अक्कांनी त्याला थांबवलं. "चालू कर." इंजिन धडधडायला लागलं. अक्का बॉनेटला कान लावून उभ्या, डोळे मिटून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लाईन क्लिअर आहे. पण मागे कुणीतरी बोलतंय."

नवरा घाबरला. "मागे? बेअरिंग असेल मॅडम, किंवा प्रॉपेलर शाफ्ट..." तो गाडीखाली शिरला. अण्णा खूष. "मी म्हटलं नव्हतं? खटारा आहे."

"बेअरिंग नाही," अक्का म्हणाल्या, "बिहारी बोलतंय."

मी शिडी चढून मागचं दार उघडलं. आत बिछान्यावर शेडचा वॉचमन पसरलेला, डोक्याखाली हात, बायकोशी फोनवर बोलत होता. आम्हाला बघून ताडकन उठला. अक्का खालून ओरडल्या, "अय्यो, त्याला उठवू नको! लाँग डिस्टन्स आहे त्याचा!"

त्याचं बोलणं होईपर्यंत व्यवहार थांबला. तो होताच अक्कांनी गाडी घेतली. आनेकलमध्ये घेतली, आनेकलमध्ये 'आने' आहे, आणि ती दिसतेही तशीच, म्हणून नाव हत्ती. "आयुष्यभर ट्रंक कॉल जोडले," त्या म्हणाल्या, "आता सोंडवाला घरात आला." घरात कुठला येणार? आमच्या गल्लीत तो वळलाही नसता. तो आनेकललाच राहिला.

आणि मग ते नाव रंगवायला दिलं. आता हे फक्त यांच्याच घरात होऊ शकतं. हे लोक मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये जातात आणि कन्नडमधून मराठीत येतात, आणि कुठल्या शब्दाचं तिकीट कुठलं, हे त्यांना स्वतःला माहीत नसतं. अक्कांनी पेंटरला फोनवर छान कन्नडमध्ये सांगितलं, दारावर आणि मागे 'हत्ती' लिही, शेजारी चित्रही काढ. सगळं वाक्य कन्नड, तेवढा एक शब्द मराठी.

पेंटर होसूरचा, कामाला प्रामाणिक. आम्ही गेलो तेव्हा दारावर मोठ्या कन्नड अक्षरांत 'हत्ति' आणि शेजारी, देवाशपथ सांगतो, फुटलेलं पांढरंशुभ्र कापसाचं बोंड. दोन हिरव्या पानांसकट. कारण कन्नडमध्ये 'हत्ति' म्हणजे कापूससुद्धा.

करमाळ्यात आमच्या बाईंनी पहिली वेलांटी-दुसरी वेलांटी यावरून मला बाकावर उभं केलेलं. तेव्हा वाटायचं, काय फरक पडतो? फरक असा पडतो, की एवढ्या वजनाचा हत्ती कापूस होऊन बसतो.

पेंटर अभिमानाने उभा. "मेडम, छान आलंय ना?" अक्का बघत राहिल्या. मला वाटलं, आता मिरची कुटणार. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. राहू दे. स्वल्प हलकी वाटेल गाडी."

श्रीपादण्णा मात्र आता पेटले. अक्कांनी गल्लीभर फोटो दाखवलेला आणि लोक विचारायला लागलेले, तुमच्या बहिणीने कापसाचा धंदा काढला का? त्यांनी परस्पर गिऱ्हाईक शोधलं. देवनहळ्ळीच्या पुढे एक रिसॉर्टवाला होता, त्याला ही गाडी लॉनवर ठेवायची होती. लोकांना आत झोपायला देणार, बाहेर दिव्यांच्या माळा.

"लॉनवर?" अक्कांनी विचारलं. "चालवणार नाही?"

"चाकं काढून ठेवणार म्हणतो."

अक्का घास हातात घेऊन थांबल्या. "चाकं काढली तर ते घर झालं. घर माझ्याकडे आहे."

दोघांचं जोरात वाजलं. शेवटी अण्णांनी अट घातली. मोठ्या गाडीचं लायसन्स काढ. पहिल्या फटक्यात पास झालीस तर गाडी तुझी, मी तोंड उघडणार नाही. नाही झालीस, तर देवनहळ्ळी. अक्का म्हणाल्या, "सरी." त्यांची सरी म्हणजे सरी. त्या बाईने जोडलेला कॉल कधी मधे तोडला नाही.

के. आर. पुरमला जड वाहनांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवणारा गडी कोलारचा, म्हणून अर्थातच कोलार. पहिल्या दिवशी तो अदबीने म्हणाला, "मेडम, स्कूटर का बॅच उधर है." अक्का साडी खोचून, पायात कापडी बूट घालून ट्रकवर चढून बसल्या सुद्धा. "कोलार, बाजूला बस. आणि तुझ्या ब्रेकवर पाय ठेवू नको, मला कळतं."

त्यांचं चालवणं ऐकण्यासारखं असायचं. गियर टाकताना तोंडाने चालू. "पहिला... कनेक्टेड. दुसरा, लाईनवर राहा... कनेक्टेड. तिसरा... तिसरा एंगेज आहे, थांबा." क्लच असला दगड की मी दोन्ही पाय देऊन दाबला तर जेमतेम हलला. अक्का रोज रात्री गुडघ्याला तेल चोळायच्या आणि सकाळी पुन्हा हजर. महिनाभरात कोलार स्वतःच गियर टाकताना "कनेक्टेड" म्हणायला लागला. बॅचमधली मिसरूड फुटलेली पोरं त्यांना वाट द्यायची. एक पोरगा मला म्हणाला, "अक्का रिव्हर्स घेतात तेव्हा आम्ही चहा सोडून बघतो."

परीक्षेत त्या नापास झाल्या.

कशामुळे, ते ऐका. सगळं उत्तम झालं. शेवटी चढावर गाडी नेऊन दाखवायची होती. अक्का चढ चढत होत्या, शेजारी परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब फोनमध्ये म्हणाले, "हॅलो, वन मिनिट, होल्ड करा."

अक्कांनी होल्ड केला. आयुष्यभराचा हात तो. 'होल्ड' ऐकलं की सगळं सोडून थांबायचं. भर चढावर त्या थांबल्या, हात मांडीवर, चेहऱ्यावर ऑपरेटरचं मंद हसू. इंजिन बंद पडलं आणि ट्रक साहेबांना घेऊन सावकाश मागे निघाला. खालच्या टायरांच्या ढिगाने अडवला म्हणून बरं.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच अण्णांसमोर चावी ठेवली. "देवनहळ्ळीला फोन कर." मिरचीही नाही, गुलकंदही नाही. हा तिसरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्याची नक्कल मी केलेली नाही.

"मी गाडी स्वतः नेऊन देणार," एवढंच म्हणाल्या. शिकाऊ लायसन्स होतंच, शेजारी कोलार बसणार होता. अण्णा म्हणाले, मी त्या कापसात पाय ठेवणार नाही. त्यांनी टॅक्सी केली आणि मला सोबत घेतलं. तर पुढे हत्ती, मागे टॅक्सीत आम्ही, अशी वरात निघाली. अण्णांच्या गळ्यात मफलर, हातात छत्री. ऊन होतं.

देवनहळ्ळी ओलांडून आत वळलो. तिथे शेतांचे प्लॉट पाडलेले, रस्ता अजून कागदावरच. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला आणि लाल मातीचा शिरा झालेला. अक्का तिथे उतरल्या, चाकांतली थोडी हवा सोडली, चारी चाकांचा जोर लावला, आणि हत्ती डुलत डुलत त्या चिखलातून चढ चढून पलीकडे गेला. घाई नाही, गुरगुर नाही. अण्णा बघत राहिले. मग टॅक्सीवाल्याला म्हणाले, "चल की. ती गेली, तू काय बघतोस?"

टॅक्सीवाला गेला आणि मधोमध बसला. चाकं फिरली, चिखल काचेवर. पुन्हा फिरली, गाडी आणखी खाली. अण्णांनी दार उघडून पाय खाली ठेवला, तो घोट्यापर्यंत आत. वर काढला तेव्हा चप्पल नव्हती.

त्यांनी फोन लावला. मी बाजूलाच होतो, पलीकडचं स्वच्छ ऐकू आलं. गुलकंद.

"येस, शारदा."

"शारदा, आम्ही अडकलोय गं."

"लोकल," अक्का म्हणाल्या, "लाईनवर राहा." आणि थांबल्या. मला शिकवलं होतं तसंच. समोरच्याला वाटावं, ही गेली वाटतं.

मग त्या परत आल्या. वळायला जागा नव्हती, म्हणून रिव्हर्समध्ये. तो अख्खा उतार, चिखलातून, ते घर पाठीवर घेऊन. कोलार खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, "राइट मेडम, राइट, सीधा!" हत्ती मागे मागे येत आमच्या नाकापासून दोन हातांवर थांबला. कोलारने दोर बांधला. आतून आवाज आला, "पहिला... कनेक्टेड." टॅक्सी एकदा कुरकुरली आणि बाटलीतून बूच निघावं तशी सुटली.

ओढत नेलं ते सगळा वेळ आमच्या काचेसमोर मागच्या बाजूची कन्नड अक्षरं. हत्ति. आणि ते पांढरं बोंड. अण्णा एक पाय मांडीवर घेऊन बसले होते. नजर अक्षरांवर.

वर रिसॉर्टवाला वाट बघत होता. गोड माणूस. त्याने आम्हाला गाडीची जागा दाखवली, हिरवळ, मधे चौथरा. "इथे बसवू सर. चाकं काढून. पोरं येतील, फोटो काढतील."

अक्का पुढच्या चाकाशी उभ्या होत्या, चाकाला हात लावून. साडीवर लाल चिखल. त्यांनी दिलेला शब्द त्या मोडणार नव्हत्या, हे तिथे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि अण्णांना सगळ्यात जास्त. त्या पुढे आल्या आणि चावी अण्णांच्या हातात दिली. "तू दे त्यांना. मला नको सांगू."

अण्णा एका चपलेवर उभे. चावीकडे बघितलं, मग त्या चाकांकडे.

"काढून ठेवणार ती कुठे?" त्यांनी विचारलं.

"भंगारात जातील सर. आम्हाला काय करायची?"

"भंगारात." अण्णांनी मिशीला हात लावला, हाताचा चिखल मिशीला लागला. "आमच्या घराण्यात साडेतीनशे वर्षांनी कुणीतरी पहिल्यांदा रिकिबीत पाय घातलाय, आणि तुम्ही खोगीर उतरवायला निघालात?" रिसॉर्टवाल्याला मराठी येत नव्हतं. तो म्हणाला, "सर?"

"नॉट फॉर सेल," अण्णा म्हणाले.

अक्का म्हणाल्या, "अण्णा, अट झालीय आपली."

"अट माझी. मी बदलतो. परीक्षा पुन्हा दे." आणि चावी त्यांच्या हातात परत कोंबली.

अक्का चढल्या, बसल्या, इंजिन चालू केलं. कोलार समजूतदार, नियम गुंडाळून तो टॅक्सीत येऊन बसला. मग वरून दार उघडलं.

"लोकल," अक्का म्हणाल्या, "हत्ति."

अण्णांनी छत्री माझ्याकडे फेकली, साठीच्या कधीच पुढे गेलेला तो माणूस एक पाय अनवाणी घेऊन दांड्याला धरून वर चढला. मी टॅक्सीतून मागे मागे आलो. के. आर. पुरमपर्यंत कोलार एकच वाक्य म्हणत होता, "रिव्हर्स देखा ना आपने? मेरी स्टुडंट है."

दुसऱ्या परीक्षेत साहेब तेच होते आणि त्यांचा फोन चढावरच वाजला. अक्का रस्त्यावरची नजर न काढता गुलकंदात म्हणाल्या, "सर, तुम्ही होल्ड करा. मी करणार नाही." पास.

निघाल्या त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर देवनहळ्ळीच्या बसस्टॉपपर्यंत गेलो. पुढच्या सीटवर तिघं आरामात बसतात. कुठे जाणार, असं विचारलं तर अक्का म्हणाल्या, "हा रस्ता सरळ वर जातो. वाटेत ओळखीचे आहेत की. नागपूर, ग्वाल्हेर, मग लुधियाना. त्यांचे आवाज ऐकलेत, तोंडं बघायची आहेत." अण्णांनी दोन मफलर घेतलेले.

मी उतरलो. पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "चिखलात नको पडू, करमाळा. आवाज सांभाळ."

स्टॉपवर एक आजी उभी होती. डोक्याला पदर, पायाशी टोपलीत कोथिंबिरीच्या जुड्या. तिने समोर उभ्या त्या गाडीकडे बघितलं, दारावरची अक्षरं एकेक करून वाचली. ह... त्ति. मग टोपली उचलून सरळ दाराशी गेली. लिहिलंच होतं, चढा म्हणून.

मी अडवणार होतो. पण अक्का वाकून कन्नडमध्ये विचारत होत्या, कुठे जायचं?

"चिक्कबळ्ळापूर."

"लोकल, स्वल्प सरक." अण्णा सरकले. कोथिंबिरीची टोपली त्यांच्या मांडीवर आली, मफलरला माती लागली, आणि ते कुरकुरले, पण टोपली दोन्ही हातांनी नीट धरली.

अक्कांनी हात खाली केला, आजीचा हात धरला आणि तो कंडक्टरचा आवाज लावला. माझ्यापेक्षा चांगला, कबूल करतो.

"चिक्कबळ्ळापूर, हत्ति!"

दार लागलं. खिडकीतून ऐकू आलं, "पहिला... कनेक्टेड." आणि पाठीवर घर घेतलेला तो हत्ती, कापसाच्या बोंडासकट, वरच्या रस्त्याला लागला.